तूप घरचे, भट्टी चाचांची

यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि ईद चंद्रदर्शनावर, म्हणजे त्याच्या पाठोपाठ एक-दोन दिवसांत. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, ईद ११ एप्रिलला. गेल्या वर्षी ३० आणि ३१ मार्च. तीन वर्षे हे सण जोडीने येत आहेत. दोन्ही नव्या चंद्राशी बांधलेले, त्यामुळे महिना जुळला की दिवसही जवळ येतात. पण यंदा अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिना मराठी पंचांगाला असतो, हिजरी सनाला नसतो. पुढच्या वर्षी ईद पाडव्याच्या जवळजवळ महिनाभर आधी येऊन जाईल आणि ही जोडी बराच काळ सुटेल.

त्याआधी चांदवडच्या बेकरीवाल्यांनी एक जुनी गोष्ट पुन्हा नीट सुरू करायला हवी. घरचा डबा भाजून द्यायची.

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना हे सांगावे लागणार नाही. रमजानचा शेवटचा अशरा लागला किंवा दिवाळी तोंडावर आली की घरातला मैदा, साखर, तूप डब्यात घालून बेकरी गाठायची. "चाचा, उद्या आणू का?" "आणा ताई, पण दुपारी दोनच्या आत. नंतर पावाचा घाणा लागतो." कुणी पीठ घरीच मळून नेत, कुणी बेकरीतल्या कारागिराकडून मळून घेत. पत्र्यावर गोळे मांडायचे, वर चारोळी किंवा पिस्त्याचा तुकडा दाबायचा, आणि भट्टीतून पत्रा बाहेर येईपर्यंत ओट्यावर बसायचे. किलोमागे ठरलेली भाजणावळ द्यायची. डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची, कारण सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात आणि नानकटाई तर त्याहून सारखी.

आता घरोघरी छोटा ओव्हन आला, महामार्गावरच्या दुकानांतून चकचकीत डबे आले. त्यातले काही 'इटालियन' म्हणून विकले जातात: लोण्याची खुसखुशीत बिस्किटे, त्यात लिंबाची साल आणि ताज्या पानांचा वास. मुलांना ती आवडतात. आवडणारच, चव चांगली आहे. इटलीत या पिठाला 'पास्ता फ्रोला' म्हणतात आणि त्यात लिंबाची साल किसून घालायची तिथली घरगुती रीतच आहे. लिगुरिया आणि पिएमोंते भागांतली फुलाच्या आकाराची, मध्ये भोक असलेली 'कानेस्त्रेल्ली' त्याच जातीची. पण या डब्यांसमोर नानकटाई जुनाट आणि ते नवे, असे जे मानले जाते ते बरोबर नाही. पीठ, साखर आणि स्निग्धांश यांचे हे एकच घराणे आहे. आपल्याकडे लोण्याच्या जागी तूप आले, एवढाच मोठा फरक.

आणि तो फरक तुपाच्या बाजूने आहे. शंभर ग्रॅम बटरमध्ये साधारण सोळा ग्रॅम पाणी असते. कढवलेल्या तुपात जवळजवळ नसतेच. मैद्याला पाणी मिळाले आणि तो मळला गेला की चिवटपणा येतो. तूप पिठाच्या कणांना आधीच वेढून टाकते, म्हणून नानकटाई ओठांत धरली की विरघळते. पंख्याखाली तूप आणि साखर हाताने पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसणाऱ्या खालाजानला हे विज्ञान कुणी शिकवले नव्हते, पण "पाण्याचा हात लावू नको" हे ती पोरींना दहा वेळा बजावत असे.

आता लिंबाचे. इफ्तारच्या शरबतासाठी घरात रोज चार-सहा लिंबे पिळली जातात आणि साली केराच्या टोपलीत जातात. लिंबाचा खरा सुगंध त्या सालीत असतो. पिवळ्या भागात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, ते तेल तुपात सहज मिसळते. रस मात्र घालू नये. तो पाणी आणतो आणि खायच्या सोड्याशी भांडतो. लिंबू पिळायच्या आधी धुऊन, पुसून, फक्त पिवळा भाग किसून घ्यायचा. आपले कागदी लिंबू पातळ सालीचे, दोनदा जास्त घासले की पांढरा भाग येतो आणि सगळा पत्रा कडू होतो. हात हलका हवा.

राहिली ताजी पाने. त्यासाठी रोजमेरी शोधत नाशिक गाठायची गरज नाही. त्याच शरबतात भिजवलेला सब्जा असतो. ज्या झाडाचे ते बी, ते झाड आणि इटलीतली 'बेसिल' ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच जात. वासात थोडा फरक आहे. आपला सब्जा बडीशेपेच्या वळणावर जातो. अरबीत याला 'रैहान' म्हणतात, आणि हा शब्द सूरह रहमानमध्ये सुवासिक वनस्पतीसाठी आलेला आहे. दर्ग्यावर, कबरीवर फुलांबरोबर सब्जा वाहणारे लोक त्याचा वास चांगला ओळखतात. खाण्यात मात्र त्याचे बी तेवढे येते, पान राहून जाते. तुळशीचे हे भावंड आहे, म्हणून कुणी वृंदावनातल्या तुळशीला हात लावू नये. ती पूजेची आहे, बिस्किटाची नाही. सब्जाचे बी कुंडीत टाकले तरी उगवते.

प्रमाण अवघड नाही. मैदा, थोडे बेसन आणि मूठभर बारीक रवा मिळून अर्धा किलो. साजूक तूप पाव किलोहून थोडे जास्त. साखर पाव किलो. चार लिंबांची साल आणि सब्जाची बारा-पंधरा पाने, पाने धुऊन कापडावर अगदी कोरडी केलेली. साल आणि पाने दाणेदार साखरेबरोबरच मिक्सरमधून काढायची. साखरेचे कण सालीतले तेल फोडून स्वतःत ओढून घेतात. ही साखर किंचित ओलसर होते, ती ताटात पसरून तासभर सुकू द्यावी. मग तुपाबरोबर फेसावी, पीठ मिसळावे, गोळा जमला की हात थांबवावा. चिमूटभर मीठ, पाव चमचा सोडा. वेलदोडा या वेळी नको, तो लिंबावर बसतो. मध्यम आचेवर पंधरा ते वीस मिनिटे. कडा सोनेरी झाल्या की पत्रा बाहेर. तेव्हा ती मऊ लागेल, घाबरून परत आत ढकलू नये. गार झाल्यावर कडक होते.

हे घरच्या ओव्हनमध्येही होते, मग बेकरीत कशाला? एक तर घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी दहा-बारा बसतात आणि ईदला वाटायला शंभर-दीडशे लागतात. पण खरे कारण दुसरे आहे. अलीकडे खाण्याच्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहिले जाते. यात अंडे आहे का, तूप कुठले, कुणाच्या हातचे, कुणाच्या दुकानातले. यातले काही प्रश्न रास्त आहेत. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारला बंधन आणावे लागले, २०२२ पासून ती मर्यादा दोन टक्क्यांवर आली, ते उगीच नाही. काही प्रश्न मात्र तुपाबद्दलचे नसतात, तुपाच्या नावाखाली माणसाबद्दलचे असतात. त्या दोन्हींना घरच्या डब्याइतके सोपे उत्तर नाही. आत काय आहे ते डबा नेणारीला ठाऊक असते, कारण ते तिनेच भरलेले असते. दिवाळीला जोशीवहिनींचा डबा आणि ईदला शेखभाभींचा डबा एकाच भट्टीत जातो, वेगवेगळ्या पत्र्यांवर. समोर बसून भाजून घेतलेल्या वस्तूबद्दल कुणाला अफवा पसरवता येत नाही.

नानकटाईचा जन्मच अशा तडजोडीतून झाल्याचे सांगतात. सुरतेत डचांची वखार होती. त्यांच्यासाठी चालणारी बेकरी पुढे फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. गोरे गिऱ्हाईक गेले, आणि ताडीने फुगवलेला पाव आणि अंडे घातलेले बिस्किट गावातले अनेक लोक घेईनात. म्हणून ताडी गेली, अंडे गेले आणि सगळ्यांना चालेल अशी खताई राहिली. कथेतला तपशील थोडा इकडे-तिकडे असेल. नावातला 'नान' मात्र फारसीतली रोटीच आहे.

बेकरीवाल्यांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. ईदच्या आधी पाव, टोस्ट, खारीची मागणी इतकी असते की चार डब्यांसाठी भट्टी अडवणे परवडत नाही. कारागीर स्वतः रोज्याने, समोर आग, घशात थेंब नाही. त्यात एखादी म्हणते, "माझी नानकटाई कमी भरली." शिवाय भट्ट्याच बदलत आहेत. मुंबईत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना गॅस किंवा विजेकडे वळवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. आज ना उद्या तो विचार सगळीकडे येईल. त्याबद्दल गळा काढण्यासारखे काही नाही. लाकडाच्या भट्टीचा वास छान असतो हे ओट्यावर दहा मिनिटे बसणाऱ्याचे मत. चौदा तास धुरात उभ्या राहणाऱ्याला विचारावे. गॅसच्या भट्टीतही नानकटाई तशीच विरघळते. बाहेरचा डबा आत घ्यायचा की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

त्यासाठी सगळा महिना नको. शेवटच्या अशऱ्यातल्या दोन दुपारी पुरे, जोहरनंतर ते असरपर्यंत. पाट्या लावून आधी सांगावे. डबा आणताना वजन करून चिठ्ठीवर लिहावे, म्हणजे कमी-जास्तीची तक्रार राहणार नाही. भाजणावळ आजच्या गॅसच्या भावाने घ्यावी; दहा वर्षांपूर्वीच्या दराने कुणी मागू नये. पाडव्याचा डबा आणि ईदचा डबा यंदा त्याच दोन दुपारी येऊ शकतात, हे तर फुकटचे सोयीचे झाले.

एक अडचण मात्र खरी आहे. नव्या चवीचा पहिला पत्रा बाहेर आला की लिंबू जास्त झाले का, पान कडवट लागते का, हे चाखून बघावे लागते, आणि रोज्यात चाखणे बहुतेक जणी टाळतात. कारागीरही चाखणार नाही. मगरिबपर्यंत थांबले तर दुसरा पत्रा तसाच भाजून निघेल. तेव्हा पाडव्याचा डबा घेऊन ओट्यावर बसलेल्या वहिनींनाच हाक मारावी लागेल: "वहिनी, जरा एक तुकडा खाऊन सांगा ना."