एका सुईवर ठपका, दुसरीवर भरवसा

‘इन्सुलिन सुरू केलं की पुरुषत्व जातं’ हे मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय की पेशंट घुटमळायला लागला की पुढचं वाक्य कळतं. परवा आलेले बावन्न वर्षांचे गृहस्थ याच भीतीपोटी दोन वर्षं इन्सुलिन टाळत होते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) साडेदहा टक्के. खिशातून मात्र त्यांनी चार घड्या घातलेला एक रिपोर्ट काढला. टेस्टोस्टेरॉन कमी, आणि त्यावरून कुणीतरी हार्मोनच्या इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिलेला. रक्त घेतल्याची वेळ छापली होती: सायंकाळी 5.40.

आधी इन्सुलिनवरचा आरोप तपासू. शिश्नात स्पंजासारखी ऊती असते. तिच्या पोकळ्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात. उत्तेजना आली की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात, स्नायू सैलावतात, पोकळ्या रक्ताने भरतात आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन रक्त आत टिकतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की अस्तर हा वायू पुरेसा बनवत नाही, मज्जातंतू झिजतात, प्रथिनांना साखर चिकटून ऊती राठ होते, स्नायूंची जागा तंतू घेतात. मग भरलेलं रक्तही टिकत नाही. आपल्याकडे इन्सुलिन बहुधा मधुमेहाला दहा-पंधरा वर्षं झाल्यावर सुरू होतं, म्हणजे ही पडझड झाल्यावर. आगीजवळ बंब दिसला म्हणून बंबानेच आग लावली म्हणायचं का? रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ताठरतेचा त्रास वाढतो, हे खरं. त्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बदलता येतात. मनावरचा ताणही खरा. पण पन्नाशीतल्या मधुमेह्याला ‘सगळं मनाचं आहे’ म्हणून घरी पाठवणं हा अन्याय आहे.

आता दुसरी सुई. टाइप-2 मधुमेह असलेल्या साधारण तिघा पुरुषांपैकी एकाचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या यंत्रणेलाही ते लागतं. त्यामुळे हार्मोनचा विचारच नको, असं मी म्हणणार नाही. पण ते सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. जेवणानेही खाली येतं. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासायचं. संध्याकाळच्या एका आकड्यावर आयुष्यभराचं इंजेक्शन लावणं मला मान्य नाही.

खरोखर कमी असलेल्यांचं काय? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, टेस्टोस्टेरॉन देऊन पाहणाऱ्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुष होते. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हा दिलासा; पण हृदयाची लय बिघडणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं जास्त आढळलं. त्यातल्या कामेच्छा कमी असलेल्यांची इच्छा वाढली, ताठरता मात्र सुधारली नाही. मधुमेहाचा घाव ऊतीत आहे. तिथली नस आणि अस्तर हार्मोनने पुन्हा उगवत नाही. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्रजंतू बनणं मंदावतं, कधी थांबतं. मूल हवं असलेल्या तरुणाला हे सांगितलंच पाहिजे, आणि ते क्वचितच सांगितलं जातं.

रेल्वेलगतच्या भिंतींवर मधुमेह आणि ‘मर्दानी कमजोरी’ दोन्ही मुळापासून बरं करण्याची हमी रंगवलेली असते. ज्यांच्या उपचाराची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत, म्हणजे 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टात, हे दोन्ही विकार आहेत. तरी भिंती रंगतातच.

करायचं ते हे: साखर आणि रक्तदाब आटोक्यात, तंबाखू बंद. सिल्डेनाफिलसारखी गोळी बहुतेकांना देता येते. मधुमेहात ती जरा कमी चालते, कारण तिलाही नायट्रिक ऑक्साइड लागतोच. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने मात्र तिला हात लावू नये, रक्तदाब धोकादायक खाली जातो. गोळी चालली नाही तर व्हॅक्यूम पंप आहे, शिश्नात टोचायचं औषध आहे, शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचा इम्प्लांट आहे. आणि हृदय तपासायचं. शिश्नाची धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार. चोंदायची सुरुवात बारीक नळीत आधी कळते.

त्या गृहस्थांचं रक्त दोन सकाळी पुन्हा घेतलं. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. रात्रीचं दहा युनिट इन्सुलिन त्यांनी सुरू केलंय, आणि ताणचाचणीसाठी मंगळवारची वेळ घेतलीय.