जमा आणि नावे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतल्या दुकानांत नव्या वहीला हळदकुंकू लागते, पहिल्या पानावर 'शुभ-लाभ' लिहिले जाते. हिशेब केव्हाच संगणकात गेला. तरी पूजेच्या पाटावर लाल वही असतेच. त्या वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. यंदा दिवाळी अंकाची तयारी करताना आर्थिक इतिहासावरची, विशेषतः बाजार कोसळल्याच्या काळांवरची, बरीच लोकप्रिय पुस्तके वाचली. त्यांतल्या बहुतेकांनी एकच बाजू मन लावून लिहिली आहे, असे वाटत राहिले.

ही पुस्तके गोडीने वाचली जातात यात नवल नाही. गालब्रेथ यांचे १९२९च्या घसरणीवरचे पुस्तक इतके खुसखुशीत आहे, की ते अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने लिहिले आहे हे विसरायला होते. लियाकत अहमद 'लॉर्ड्स ऑफ फायनान्स'मध्ये चार मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांचा हात धरून आपल्याला महामंदीच्या दारात आणून सोडतात. हर्षद मेहता प्रकरणावरचे देबाशिस बसू आणि सुचेता दलाल यांचे 'द स्कॅम' तर आपल्याच मुंबईतले. शेवट ठाऊक असूनही आपण पाने उलटत राहतो. किंबहुना तो ठाऊक असतो म्हणूनच. पुस्तकातले सगळे बुडणार आहेत आणि आपण काठावर कोरडे उभे आहोत, हे सुख काही कमी नाही.

ते किती फसवे असते, हे चार्ल्स मॅके यांच्याकडून शिकावे. गर्दीच्या वेडांवरचे त्यांचे पुस्तक १८४१ साली आले. हॉलंडमधला ट्युलिपच्या कंदांचा सट्टा, लंडनच्या साउथ सी कंपनीचा फुगा या गोष्टी लोक आजही बव्हंशी त्यांच्याच पद्धतीने सांगतात. ट्युलिपने देशोधडीला लावल्याचे त्यांचे चित्र अतिरंजित होते, हे ॲन गोल्डगार यांनी डच कागदपत्रे तपासून २००७ साली दाखवले, ते वेगळे. मॅकेंचे पुस्तक आल्यावर चारच वर्षांनी, १८४५मध्ये, ब्रिटनभर रेल्वेच्या शेअरचे वेड पसरले. तेव्हा मॅके ग्लासगोच्या एका वृत्तपत्राचे संपादक होते. साउथ सीची आठवण काढून धास्तावलेल्यांना त्यांनीच धीर दिला, की तसे काही होणार नाही. रेल्वेचे शेअर कोसळले. १८५२च्या आवृत्तीत त्या वेडाच्या वाट्याला आली एक तळटीप. संपादकीय लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा उशाशी ठेवावा.

आपल्याकडची गोष्ट १८६५च्या मुंबईची. अमेरिकेत १८६१मध्ये यादवी सुरू झाली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसाकडे वळल्या. पैशाचा पूर आला. त्यातून बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात गेला. एप्रिल १८६५मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला. १ जुलैला वायदे चुकते करायची वेळ आली तेव्हा घेणेकरी पुष्कळ होते, देणारे थोडे. बँक ऑफ बॉम्बे १८६८मध्ये गुंडाळावी लागली. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचा उदय आणि पाडाव, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर, हे वाचकांना ठाऊक असते. तो काळ तरुणपणी पाहिलेल्या दिनशा वाच्छांनी १९१० साली त्यावर पुस्तकच लिहिले.

पण गोष्ट तिथे संपत नाही. तेजीत सावकाराने दख्खनच्या शेतकऱ्याला सैल हाताने कर्ज दिले होते. भाव पडल्यावर हात आखडला. जुनी बाकी मात्र व्याजासकट वाढत राहिली. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जखते मागितली, आणि जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण गेले. एकट्या कापसाने हे घडवले, असे म्हणता येणार नाही. तरी मुंबईचे १८६५ आणि सुप्याचे १८७५ एकाच खात्यात मांडावे लागतात. मुंबईच्या पानावर जमा आहे, सुप्याच्या पानावर नावे. आपण पाटावर ठेवून पूजतो तीच वही तिथे जाळली गेली.

म्हणून ही पुस्तके वाचून पुढची घसरण आधी ओळखता येईल, ही आशा सोडावी. ती विद्या मॅकेंनाही साधली नाही. या पुस्तकांना एकच प्रश्न विचारावा: बुडालेली रक्कम शेवटी कुणाच्या नावे पडली? मायकेल लुईस 'द बिग शॉर्ट'मध्ये २००८च्या पडझडीवर आधीच पैज लावून कमावणाऱ्यांची गोष्ट झकास रंगवतात. ज्यांची घरे गेली ते त्यात मागच्या रांगेत पुसट दिसतात. या प्रश्नाचे उत्तर नसलेले पुस्तक कितीही रंगतदार असो, हिशेब अर्धाच झाला.

उरलेला अर्धा घरोघरी आहे. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्यात पणजोबांचे एखादे खत असेल, गिरणी बंद पडण्याआधीची पगाराची चिठ्ठी असेल, बुडीत पतपेढीचे पासबुक असेल, कवडीमोल झालेली शेअर सर्टिफिकिटे असतील. ते कागद रद्दीत घालण्याआधी एकदा वाचा, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्याविषयी विचारा आणि आम्हाला लिहून कळवा. पुढच्या दिवाळी अंकाची काही पाने त्यासाठी कोरी ठेवली आहेत.