सफाईविना दुरुस्ती नाही

मज्जारज्जूला इजा झाली की चेतातंतूंवरच्या मायेलिन या मेदयुक्त आवरणाचे तुकडे होतात. हातापायांच्या नसांमध्ये मायेलिन बनवणाऱ्या श्वान पेशी आणि महाभक्षक पेशी हा कचरा काही आठवड्यांत उचलतात. तिथे तंतू पुन्हा वाढू शकतो. मज्जारज्जूत मात्र हा कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि त्यातली काही प्रथिने नव्या तंतूंची वाट अडवतात, हे संशोधक मार्टिन श्वाब यांनी १९८८ मध्येच दाखवले.

म्हणजे सफाई हवी. यावर आक्षेप असा की, कचरा उचलणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीच दाह वाढवतात. मग त्यांना दाबून का टाकू नये? आक्षेपात तथ्य आहे. मेद पोटात साठून फुगलेल्या महाभक्षक पेशी शाबूत ऊतींचेही नुकसान करतात. पण २०१९ मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांतील मायक्रोग्लिया, म्हणजे मज्जारज्जूतल्याच रोगप्रतिकारक पेशी, नष्ट केल्यावर उंदरांची हालचाल सुधारण्याऐवजी बिघडली. सरसकट दाह दाबणाऱ्या स्टिरॉइडचा मोठा डोस नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असे अमेरिकी मेंदूशल्यचिकित्सकांनीही २०१३ मध्ये बजावले. तेव्हा या पेशींना थोपवण्यापेक्षा त्यांनी गिळलेला मेद पचवण्याची त्यांची ताकद वाढवणे, हीच संशोधनाची दिशा हवी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी सरकारने त्यावर सातत्याने पैसा खर्च करावा.