दुखरा गुडघा आणि प्रत्येक काळाची नवी शक्ती

गुडघ्यातले वंगण संपले, आता सांधा बदलणे एवढेच उरले, असे ऐकून दवाखान्याबाहेर पडलेल्या माणसाला ‘ऑपरेशनशिवाय, चार-पाच सिटिंगमध्ये आराम’ या शब्दांचा केवढा आधार वाटतो, हे ज्यांच्या घरी जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढणारी आई आहे त्यांना सांगावे लागत नाही. जबलपूरसारख्या शहरांत शॉकवेव्ह उपचार आज नेमक्या याच आश्वासनानिशी गुडघ्यापर्यंत आला आहे. तो थोतांड आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल आणि तो सिद्ध आहे असे म्हणणे त्याहून अन्यायाचे. दुखऱ्या सांध्यावर आपल्या काळातली सर्वांत नवी शक्ती लावून पाहण्याची माणसाची सवय फार जुनी आहे, आणि त्या सवयीचा हिशेब इतिहासाने अनेकदा मांडून ठेवलेला आहे.

सांध्यात शिरलेल्या वाताचे वर्णन करताना चरकसंहिता वाऱ्याने फुगलेल्या पखालीसारखा लागणारा स्पर्श आणि पाय पसरताना-आखडताना होणारी वेदना नोंदवते. सुश्रुतसंहिता त्यावर स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि मर्दन सांगते. माणसाच्या हाती त्या काळी असलेली सर्वांत प्रखर शक्ती अग्नी होती आणि तीही या यादीत आहे. पण ती तेल, शेक, पट्टी आणि चोळणे यांच्या सोबतीने आहे, एकटी नाही. पुढच्या शतकांनी ही सोबत विसरून प्रखर शक्तीच तेवढी लक्षात ठेवली.

अठराव्या शतकाची प्रखर शक्ती वीज होती. जबलपूरवर मराठ्यांचा अंमल होता (1781 मध्ये सुरू झालेला तो अंमल नागपूरकर भोसल्यांच्या हाती येऊन 1817 च्या डिसेंबरात संपला) त्याच काळात, 1796 मध्ये, अमेरिकेतील एलिशा पर्किन्स या वैद्याने दोन लहान टोकदार धातूच्या कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की शरीरात साचलेला विद्युतद्रव बाहेर खेचला जातो आणि संधिवात निवळतो, असा त्याचा दावा होता. कांड्या लंडनमध्ये पाच गिनींना खपू लागल्या आणि कृतज्ञ रुग्णांच्या साक्षींचे ग्रंथ निघाले. मग 1799 मध्ये बाथ येथे जॉन हेगार्थ या डॉक्टरने तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करवून घेतल्या आणि जुन्या संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचपैकी चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या, तेव्हाही निकाल तोच आला.

या प्रयोगाचा अर्थ रुग्ण खोटे बोलत होते, असा मुळीच नाही. त्यांचा आराम खरा होता, फक्त तो कांडीतल्या धातूचा नव्हता. सांध्याचे दुखणे भरती-ओहोटीने चालते. माणूस भरतीच्या टोकाला वैद्याकडे जातो, आणि त्यानंतर येणाऱ्या ओहोटीचे श्रेय त्या आठवड्यात जे काही केले असेल त्याच्या पदरी पडते. त्यात वैद्याचा विश्वास आणि मोजलेल्या पैशांची आशा मिसळते. विसाव्या शतकाच्या आरंभी रेडियममिश्रित पाणी हेच श्रेय घेऊन विकले गेले; त्याचा शेवट काही ग्राहकांच्या हाडांच्या नाशात झाला.

आघाततरंगाची, म्हणजेच शॉकवेव्हची, ओळख माणसाला मुळात इजा करणारी शक्ती म्हणून झाली, आणि हे जबलपूरला परके नाही. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिलेल्या आणि पुढे खमरियात दारूगोळा घडवणाऱ्या या शहराला स्फोटाचा धक्का काय असतो ते ठाऊक आहे. त्या धक्क्याला उपचारात आणले जर्मनीच्या डॉर्निए या विमान कंपनीतील संशोधनाने, आणि तेही वेगवान विमानावर आदळणाऱ्या पावसाच्या थेंबांचा परिणाम अभ्यासताना. फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिकला ख्रिश्चन शॉसी आणि सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून सोडलेल्या तरंगांनी माणसाच्या मूत्रपिंडातला खडा फोडला. हा विजय निर्विवाद होता, कारण त्याचा पुरावा क्ष-किरणांच्या चित्रात उघड दिसत होता: आधी खडा, नंतर चुरा. गुडघ्यात असे फोडायचे काही नसते आणि वेदनेचा फोटो निघत नाही. तरी खड्याने मिळवलेली प्रतिष्ठा आधी न जुळणाऱ्या हाडांना, मग टाचेला आणि शेवटी गुडघ्याला उसनी मिळाली.

दरम्यान गुडघ्यानेच एक मोठा धडा दिला होता. ह्यूस्टनच्या रुग्णालयात 180 रुग्णांच्या तीन गटांपैकी एका गटाला केवळ त्वचेवर छेद देऊन दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा आभास देण्यात आला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की दोन वर्षांत खऱ्या शस्त्रक्रियेचे गट त्या आभासाहून कधीच सरस ठरले नाहीत. तरीही या शस्त्रक्रिया जगभर होत राहिल्या, आणि झिजेच्या बहुतेक सर्व गुडघ्यांवर त्या करू नयेत, अशी ठाम शिफारस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यायला 2017 उजाडले. हेगार्थच्या लाकडी कांडीला दोनशे वर्षे होऊन गेल्यावरही आपण तपासणी उशिराच करत होतो.

याच काळात जबलपूरजवळ गुडघ्यांची एक वेगळी कथा घडली, आणि ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. 1984 मध्ये जबलपुरात स्थापन झालेल्या आयसीएमआरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राला नव्वदच्या दशकात मंडला जिल्ह्यातील तिलईपानीसारख्या गावांत गुडघे आत वळलेली मुले आढळली. शुद्ध पाण्यासाठी म्हणून बसवलेल्या हातपंपांच्या खोल पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी पट होते. संशोधकांनी पाणी बदलले, आहारात कॅल्शियम, जीवनसत्त्वे आणि लोह वाढवले; त्यासाठी जवळच्या रानात उगवणारी चकोड्याची, म्हणजे आपल्या टाकळ्याची भाजी कामी आली. मुलांच्या तक्रारी कमी झाल्या. हा आजार उतारवयातील झिजेहून वेगळा, हे खरे. पण आधी कारण शोधा, मग उपाय ठरवा आणि शेवटी परिणाम मोजा, ही शिस्त याच शहरातल्या माणसांनी पाळून दाखवली आहे.

आता शॉकवेव्हच्या बाजूने काय आहे? उंदरांच्या सांध्यांवरचे आशादायक प्रयोग आहेत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला चीनमधील 70 रुग्णांचा, बारा आठवड्यांचा अभ्यास आहे, ज्यात खोट्या उपचारापेक्षा खऱ्याने वेदना अधिक घटली. त्यानंतरचेही बरेच अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवतात, पण त्यांतले पुष्कळसे लहान, थोड्या काळाचे आणि निरनिराळ्या मात्रांचे. झिजलेली कूर्चा माणसात परत भरून येते, हे कोणीही दाखवून दिलेले नाही. यंत्रे तरी कुठे एक आहेत? फोकस्ड यंत्र खराखुरा आघाततरंग सोडते. अनेक केंद्रांत वापरले जाणारे रेडियल यंत्र दाबलेल्या हवेने एक धातूचा तुकडा आदळवते आणि त्यातून निघणारा दाब भौतिकशास्त्राच्या कसोटीवर आघाततरंग ठरतच नाही, तरी पाटी दोन्हींवर एकच. शिवाय ठोक्यांचा आवाज आणि कळ इतकी स्पष्ट असते की आपल्याला खरे मिळाले की खोटे, हे रुग्ण सहज ओळखतो; त्यामुळे हेगार्थची परीक्षा इथे अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक गरजेची आहे. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि जादा वजन उतरवणे यांच्यामागे कितीतरी भक्कम पुरावा उभा आहे. पण त्यांना ना यंत्र लागते ना जाहिरात, म्हणून ते चिठ्ठीच्या तळाशी एका ओळीत उरतात.

जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाने आणि आयसीएमआरच्या संस्थेने ही परीक्षा हाती घ्यावी. खरे आणि खोटे हँडल, कोणाला कोणते मिळाले हे मोजणाऱ्यालाही ठाऊक नसावे, दोन्ही गटांना सारखाच व्यायाम आणि पाठपुरावा किमान वर्षाचा. तोवर पैसे घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने पहिल्या सिटिंगआधी रुग्णाच्या हाती, त्याला कळणाऱ्या हिंदीत किंवा मराठीत, लेखी द्यावे: यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, आराम अभ्यासांत किती आठवड्यांपर्यंत मोजला गेला आहे, आणि झिजलेली कूर्चा यातून परत येते याचा पुरावा नाही.