‘टेन्शन’ म्हणजे नेमके काय?

गेल्या पावसाळ्यात बारावीतला एक मुलगा महिन्याभरात तिसऱ्यांदा पोटदुखी घेऊन दवाखान्यात आला. सोबत वडील. ताप नाही, जुलाब नाही, वजन उतरलेले नाही, सोनोग्राफीही नॉर्मल. पहिल्या खेपेला मी जंताची गोळी दिली होती, दुसऱ्या खेपेला ॲसिडिटीची. या वेळी वडिलांना बाहेर बसायला सांगितले आणि विचारले, “काय होतंय रे नेमकं?”

“टेन्शन येतं, काका.”

कसले टेन्शन, यावर उत्तर नाही.

वाचकहो, हा शब्द मी हल्ली रोज दहादा ऐकतो. आपल्या आजीकडे राग, वैताग, धास्ती, हुरहूर, खंत, हेवा, घालमेल असे कितीतरी शब्द होते आणि प्रत्येकाची रीत ती ओळखून होती. धास्तावलेल्याला सोबत हवी, चिडलेल्याला थोडा वेळ एकटे सोडायला हवे. आता सगळे एकाच पोत्यात भरले. रोग्याने नुसते ‘दुखतंय’ म्हटले तर मी काय औषध देणार? टोचते, ठणकते की जळजळते, हे कळावे लागते. मनाचेही तसेच आहे.

अमेरिकेतील पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे व त्याप्रमाणे वागणे, एवढाच तिचा अर्थ. आयुष्यात बुद्ध्यांकापेक्षा हीच मोठी, असे काही जण ठासून सांगतात. ते मला तितकेसे पटत नाही. गणित यायला गणितच करावे लागते. पण दुखणे ओळखायला ही बुद्धी लागते, हे मात्र मी रोज पाहतो.

आणि दुखणे खरे असते बरे का. भीती वाटली की ॲड्रेनॅलिन वाढते, आतड्यांची हालचाल बिघडते. मूल ढोंग करत नसते. शिवाय भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो. सतराव्या वर्षी मुलाने सगळे एकट्याने निभवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मी त्या मुलाला एकेक शब्द सुचवत गेलो. भीती? राग? बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, “लाज वाटते.” वडिलांनी कर्ज काढून ‘नीट’चा क्लास लावला होता. चाचण्यांत गुण कमी पडत होते आणि घरी त्याने वाढवून सांगितले होते. मग रडला. जीव नकोसा होतो का, हेही मी स्पष्ट विचारले. विचारल्याने तसे विचार मनात येतात, हा गैरसमज आहे. तो नाही म्हणाला.

त्याच्या परवानगीने वडिलांना आत बोलावले. ऐकून ते म्हणाले, “कर्ज काढलं तेव्हा मलाही झोप नव्हती, डॉक्टर.”

“हे घरी बोललात?”

“नाही. पोरासमोर कसं बोलायचं?”

माझे मत विचाराल तर खरी अडचण इथे आहे. शाळेत भावनांचा तास ठेवून काय होणार, घरात मोठ्यांनीच तोंड मिटले असेल तर? रात्री जेवताना ‘किती मार्क पडले’ विचारण्याआधी, ‘आज बँकेत मला ओशाळल्यासारखं झालं’ एवढे बापाने सांगून पाहावे. आणि मूल बोलू लागले की लगेच उपदेश नको.

मात्र झोप-जेवण सुटले, मूल सगळ्यांना टाळू लागले, मरणाचे बोलू लागले, तर घरगुती बोलण्यावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. २०२२ साली सुरू झालेली सरकारची ‘टेलि-मानस’ सेवाही आहे; १४४१६ या क्रमांकावर मोफत, रात्रीबेरात्रीसुद्धा.

तो मुलगा दिवाळीनंतर पुन्हा आला होता. पोटच दुखत होते. “काका, आज टेन्शन नाही,” आधीच म्हणाला, “चिवडा जास्त झाला.”