बसा, आता खेळू

शाळेत पी.टी.च्या तासाला दप्तरं सांभाळायचं काम आमच्या वर्गातल्या एकाच मुलाकडे असायचं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याचे दोन्ही पाय काडीसारखे राहिले होते. कांजूरमार्ग पूर्वेच्या त्या मैदानावर मिठागरांकडून खारा वारा यायचा. आम्ही व्हॉलीबॉलची जाळी बांधायचो आणि तो दप्तरांच्या ढिगापाशी बसून गुण मोजायचा. सर त्याला मायेनेच तिथे बसवायचे. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हे साल १९८४.

गेल्या रविवारी तो फार आठवला. सोसायटीतल्या मुलांनी सिटिंग व्हॉलीबॉलचे व्हिडिओ पाहिले आणि आपणही खेळून बघू, असा हट्ट धरला. आम्ही सभागृहातल्या दोन खांबांना दोरी बांधली. या खेळात पुरुषांच्या सामन्यात जाळीची वरची कड जमिनीपासून १.१५ मीटरवर असते, स्त्रियांच्या १.०५ वर. उभ्याने खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांची जाळी २.४३ मीटर उंच. मैदानही छोटं, दहा मीटर बाय सहा. लांबी म्हणाल तर लोकलच्या एका डब्याच्या साधारण निम्मी. फरशी झाडून घेतली आणि दोन्हीकडे सहा-सहा जण खाली बसलो.

पहिलाच चेंडू माझ्यापासून हातभर अंतरावर पडला आणि मी जागचा हललो नाही. चेंडू खेळताना बुडापासून खांद्यापर्यंतचा अंगाचा काही तरी भाग जमिनीला टेकलेला हवा, हा या खेळाचा पाया. उठून पळायची सोय नाही. सरकायचं तर तळवे फरशीला रेटावे लागतात आणि चेंडू मारायचा तर तेच तळवे वर हवेत. म्हणजे चेंडू कुठे येणार ते आधी हेरायचं, हातांनी अंग तिथवर न्यायचं आणि त्याच क्षणी हात मोकळे करायचे. शिवाय इथे समोरच्याची सर्व्हिससुद्धा जाळीपाशी अडवता येते, त्यामुळे श्वास घ्यायला उसंत नाही. माझे लांब केलेले पाय सारखे मध्ये येत होते. दहा मिनिटांत तळव्यांची आग झाली, खांदे भरून आले.

तेव्हा मला तो डोळ्यांसमोर दिसला. वर्गातून पाण्याच्या टाकीपर्यंत तो हातांवर अंग तोलून सरकत जायचा आणि पुष्कळदा आमच्या आधी पोहोचायचा. त्याचे खांदे आम्हा सगळ्यांपेक्षा भरलेले होते. आम्ही त्याला ‘बिचारा’ म्हणत होतो, आणि जे मला पन्नाशीनंतर दहा मिनिटंही जमलं नाही ते तो रोज करत होता. या खेळात तो आमचा कॅप्टन झाला असता.

आणि खेळ तेव्हाही होता, ही गोष्ट मला जास्त लागते. १९५६ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हॉलीबॉल आणि बसून खेळायचा एक जर्मन खेळ यांच्या मिलाफातून तो जन्मला. १९८० मध्ये अर्नहेमच्या पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांच्या गटात त्याला पदक होतं. स्त्रियांना २००४ पर्यंत, अथेन्सपर्यंत, थांबावं लागलं. इराणने युद्धातल्या जखमी सैनिकांना घेऊन संघ उभारला आणि १९८८ पासून पॅरिसपर्यंत आठ सुवर्णपदकं जिंकली. बोस्नियात भूसुरुंगांनी ज्यांचे पाय नेले त्यांनी २००४ आणि २०१२ मध्ये याच इराणकडून अव्वल स्थान हिसकावलं.

अमेरिकेच्या लोरा वेबस्टरची वाट मुलांना मी मुद्दाम सांगितली. अकराव्या वर्षी तिला हाडाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी पायाचा रोगट भाग काढला, खालचा भाग उलटा फिरवून वर जोडला आणि घोट्याला गुडघ्याचं काम दिलं. अशा पायावर कृत्रिम पाय चढवून ती शाळेत सगळ्यांबरोबर उभ्याने व्हॉलीबॉल खेळली. पुढे तिला हा बसून खेळायचा खेळ भेटला आणि अठराव्या वर्षी अथेन्समध्ये तिच्या गळ्यात कांस्यपदक आलं. मग दोन रौप्य, मग रिओ आणि टोकियोत सुवर्ण. टोकियोत ती चौथ्या बाळाच्या वेळी गरोदर होती. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: आजारपणानंतरही शाळेच्या मैदानावर तिची जागा शाबूत राहिली.

आपल्याकडे राज्यांचे संघ आहेत, राष्ट्रीय स्पर्धा होतात. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदकं जिंकली. त्यात आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं रौप्य होतं. पण सिटिंग व्हॉलीबॉलमध्ये भारताचा संघ आजवर एकाही पॅरालिम्पिकमध्ये उतरलेला नाही. जमिनीवर बसणं ज्यांना शिकवावं लागत नाही, पंगतीत आणि भजनात ज्यांनी तासन्‌तास मांडी मोडली नाही, त्या आपल्या लोकांचा हा खेळ का नसावा?

मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. वाचतात त्यांतले किती तरी जण हात किंवा पाय गमावून घरी येतात, आणि त्यांत कॉलेजातली पोरं असतात. परळच्या टाटा रुग्णालयात हाडाच्या कर्करोगाची मुलं येतात, हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत कृत्रिम पाय बसवून घ्यायला लोक येतात. नवा पाय मिळाला की आपण म्हणतो, आता स्वतःच्या पायावर उभा राहा. त्याच वेळी कुणी तरी हेही सांगायला हवं की, बाळा, बसून खेळायचा एक खेळ आहे, त्यात तुझी जागा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ३० खेळातल्या सहभागाबद्दलच आहे. पण कायदा मुलाच्या हातात चेंडू देत नाही. तो पी.टी.चे सर देतात, शेजारची पोरं देतात.

त्यासाठी फार काही लागत नाही. एक दोरी, एक चेंडू, गुळगुळीत फरशी आणि खाली बसायला तयार असलेले अकरा सवंगडी. आम्ही वर्षभर त्याला उभं राहता येत नाही म्हणून हळहळलो, आणि आठवड्यातून एक तास आपण खाली बसावं हे कुणालाच सुचलं नाही. कसब आलं की आपण ‘हात बसला’ म्हणतो. त्याचा हात तर कधीचाच बसला होता.

आमच्या सभागृहाच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. तिथे उतार करून घ्यायचा, असं या रविवारी सेक्रेटरींशी बोलून ठरवलंय. आसपासच्या शाळांतल्या सरांनाही एवढंच सांगायचंय: दप्तरं भिंतीशी ठेवली तरी नीट राहतात. ती सांभाळायला मुलगा लागत नाही.