शपथ झाली, दप्तरी नोंदीचे काय?

जातीचा दाखला, वारसनोंद, रेशनकार्डावरून गळालेली नावे, असल्याच गोष्टींवर आम्ही या सदरात लिहीत असतो. या खेपेचे दप्तर मात्र अमेरिकेतले आहे. काही वाचक म्हणतील, आपल्यातले कोण तिकडे? तर वाचकहो, आता पुष्कळ आहेत. ज्या वस्तीत एके काळी मॅट्रिक झालेली मुले बोटावर मोजावी लागत, तिथली मुले आज न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये नोकऱ्या करतात. जरा स्थिरावली की आईवडिलांना बोलावून घेतात. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मेरीलँडमध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्याचे फोटो आपल्याही घरोघरी फिरले.

नागपूरच्या आमच्या परिचयातल्या एक मावशी आहेत. यजमान कालकथित होऊन बरीच वर्षे झाली. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. मिलचे पैसे आले तेव्हा बांधलेले घर त्याच वेळी थोरल्याच्या नावावर झाले. धाकट्याने मावशींना तिकडे नेले, ग्रीन कार्ड मिळाले, पाच वर्षे भरली आणि नागरिकत्वाचा अर्ज केला. मावशी सातवी पास. वयाची सत्तरी आली तरी इंग्रजीच्या परीक्षेतून सूट नाही, कारण ग्रीन कार्डावर पंधरा-वीस वर्षे काढलेल्या वयस्कांनाच ती सूट मिळते. मग नातीने आजीची शिकवणी घेतली. एक वाक्य वाचायचे, एक लिहायचे आणि तिथल्या राज्यकारभारावर दहा प्रश्न, त्यांतले सहा बरोबर यायला हवेत. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना वीस प्रश्न आणि बारा बरोबर उत्तरे असा नवा नियम आहे.) मावशी पहिल्या फटक्यात पास झाल्या! शपथेच्या दिवशी पांढरी साडी नेसून गेल्या आणि रात्री आम्हाला फोन केला, "झालं बाप्पा! आता कायची चिंता नाही."

चिंता तिथूनच सुरू झाली. नागरिकत्व देणारे खाते वेगळे आणि सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे पेन्शन व मदतीचे, खाते वेगळे. एका खात्यापुढे शपथ घेतली म्हणून दुसऱ्याच्या दप्तरात आपोआप बदल होत नाही. तिथे मावशी अजून ग्रीन कार्डवाल्याच होत्या, म्हणजे परदेशी.

त्याने फरक काय पडतो, असे कोणी विचारील. फार पडतो. पासष्टी ओलांडलेल्या, अंध किंवा अपंग आणि उत्पन्न तुटपुंजे असलेल्या माणसांना तिथले सरकार दरमहा काही रक्कम देते. तिला 'एस.एस.आय.' म्हणतात. २०२६ साली एकट्या माणसाला जास्तीत जास्त ९९४ डॉलर. परंतु २२ ऑगस्ट १९९६ च्या कायद्याने बहुतेक परदेशी लोक या मदतीतून वगळले गेले. ग्रीन कार्ड असले तरी सर्वसाधारणपणे चाळीस तिमाह्यांची, म्हणजे दहा वर्षांची, नोकरी हिशेबात असावी लागते. उतारवयात गेलेल्या आईने ती कुठून आणायची? शिवाय मुलाने आईला बोलावताना हमीपत्र दिलेले असते, त्यामुळे त्याची मिळकतही तिच्या खाती मोजतात. नागरिकत्व मिळताच हे दोन्ही अडसर दूर होतात. पण तसे झाले हे त्या दप्तराला कळले पाहिजे ना!

मुलगा भला आहे, आईला काही कमी करत नाही. तरी विहारात दानपेटीत दोन डॉलर टाकायचे तर मावशींना "दे रे बाप्पा" म्हणावे लागे. ज्या बाईने नवऱ्यामागे दोन पोरे शिकवली, तिला ते शब्द जड जात. आमच्या काही वाचकांना मुलगा कमावता असताना आईने सरकारचे पैसे घेणे रुचणार नाही. आम्ही त्यांना एवढेच विचारू की हात पसरण्यासाठी मुलगा बरा की कायदा? ज्याचे त्याने ठरवावे. जे ठरेल ते खरे सांगून घ्यावे.

आता चूक कुठे झाली ते पाहा. १ एप्रिल २०२४ पासून नागरिकत्वाच्या अर्जातच एक प्रश्न असतो: सोशल सिक्युरिटीच्या दप्तरात तुमची माहिती कळवायची का? 'होय' म्हणून संमती दिली की काम परस्पर होते. मुलाने 'नाही' लिहिले, का तर आईचा नंबर आधीच आहे, पुन्हा कशाला! नंबर जन्मभर तोच राहतो हे खरे, पण बदलायचा असतो तो त्या नंबरापुढचा शेरा.

दुसरी चूक घाईची. शपथेनंतर हाती जे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळते, ते त्याने दुसऱ्याच दिवशी पासपोर्टच्या अर्जासोबत देऊन टाकले. पासपोर्टला मूळ प्रतच लागते आणि ती परत यायला आठवडे जातात. तीन आठवड्यांनी मायलेक सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत गेले ते झेरॉक्स घेऊन. झेरॉक्स तिथे चालत नाही, नोटरीचा शिक्का मारला तरी चालत नाही. खिडकीवरच्या बाईंनी नियमानेच नकार दिला. मुलगा रागावून आईला घेऊन घरी आला, ही तिसरी चूक. "आम्हाला एस.एस.आय.साठी अर्ज करायचा आहे" एवढे सांगून ती तारीख नोंदवून घेतली असती, नुसत्या फोनवरही, तरी साठ दिवसांत रीतसर अर्ज भरून तीच तारीख धरता आली असती. मदत अर्जाच्या पुढल्या महिन्यापासून लागते, मागची थकबाकी देत नाहीत. पासपोर्ट घरी येऊन नवा अर्ज होईपर्यंत जे महिने गेले ते गेलेच.

तेव्हा ज्यांच्या घरी शपथ जवळ आली असेल त्यांनी क्रम ध्यानात ठेवावा. अर्जात 'होय' लिहिले नसेल तर शपथेनंतर निदान दहा दिवस थांबावे, म्हणजे नागरिकत्वाची नोंद सरकारी यंत्रात चढलेली असते. मग मूळ प्रमाणपत्र घेऊन आधी सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत जावे, एस.एस.-५ हा फॉर्म भरावा आणि मूळ कागद हाती परत घेऊनच उठावे. पैसे पडत नाहीत. कोणी दलाल फी मागत असेल तर त्याला जयभीम घालावा. नवे कार्ड टपालाने घरी येते. त्यानंतर प्रमाणपत्र पासपोर्टसाठी द्यावे. ते हरवले तर नवे काढायला पाचशे डॉलरांच्या वर फी आहे.

हे म्हाताऱ्यांपुरतेच नाही. आपली मुले तात्पुरत्या व्हिसावर गेली तेव्हा मिळालेल्या कार्डावर 'सरकारी परवानगी असेल तरच कामासाठी वैध' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ग्रीन कार्ड आले, नागरिकत्व आले, तरी कित्येकांच्या कपाटात तेच कार्ड पडून असते. ड्रायव्हिंग लायसन्सच्या नोंदीचेही तसेच. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सास राज्याने लायसन्सच्या जुन्या नोंदी पाहून सुमारे ९५,००० मतदारांवर 'नागरिक नसावेत' असा संशय घेतला. त्यांतले हजारो लोक मधल्या काळात रीतसर नागरिक झालेले निघाले. खटले झाले आणि एप्रिलमध्ये ती यादी मागे घ्यावी लागली. मताच्या हक्कासाठी आपल्या माणसांनी काय सोसले हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

नावाचा घोळ वेगळाच. 'कांबळे' इंग्रजीत लिहिताना कोणी शेवटी 'ई' लावतो, कोणी 'आय'. बायकांच्या नावात नवऱ्याचे नाव कधी मधे असते, कधी पहिल्या नावाला चिकटते. जन्मतारखेबद्दल तर काय बोलावे! शाळेत गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलेली आमची एक पिढीच आहे. पुढे सगळे कागद प्रमाणपत्रावरच्या नाव-तारखेशी ताडून पाहतात. म्हणून शपथेच्या जागी ते हाती पडताच डोळ्यांत तेल घालून वाचावे आणि छपाईची चूक असल्यास तिथेच सांगावी.

शपथ आणि नोंद यांतले अंतर आपल्याला नवे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आपली माणसे बावीस प्रतिज्ञा घेऊन उठली, ती त्याच क्षणी बदलली. पण केंद्र सरकारच्या दप्तरात बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या त्या आधी दिल्या होत्या, तरी मधल्या काळात केंद्राची नोकरी हुकलेले किती जण आपण ओळखतो!

इकडच्या दप्तराचेही विसरू नये. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. घटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम यासंबंधी आहे. १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत नागरिकत्वाची कलमे मांडताना, या विषयाने मसुदा समितीला किती डोकेदुखी झाली हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितले होते. तेव्हा भारतीय पासपोर्ट रीतसर परत करावा, ओ.सी.आय. कार्ड काढावे. मतदार यादीतून आणि रेशनकार्डातून नाव कमी करून घ्यावे. कोणी श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे पैसे घेत असेल तर तेही बंद करावेत. ओ.सी.आय.वर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते.

मात्र त्या हिश्श्याची माहिती तिकडे लपवू नये. एस.एस.आय. घेणाऱ्या एकट्या माणसाची मालमत्ता २,००० डॉलरांच्या आत असावी लागते. गावचा प्लॉट, शेतीचा वाटा, बँकेतली ठेव, नवऱ्यामागची चार पैशांची पेन्शन, सारे सांगावे लागते. मुलाच्या घरी राहणे-जेवणे फुकट असेल तर रक्कम कमी होते. मावशींनाही पुरती मिळत नाही, पण मिळते ती त्यांच्या नावावर.

राहता राहिली दीक्षाभूमी. दसऱ्याला नागपुरात असलेच पाहिजे हा मावशींचा नेम. पण सलग तीस दिवस अमेरिकेबाहेर राहिले की ही मदत थांबते आणि परत जाऊन सलग तीस दिवस तिथे काढल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. बाहेर जाणे कळवावेही लागते. न कळवता घेतलेले पैसे मागाहून वसूल होतात. मावशींना दिवाळी आटोपून, लेण्या बघून, तीन महिन्यांनी परतायचे होते. नातीने कॅलेंडर पुढे ठेवून दिवस मोजून दाखवले. आता सव्वीस दिवसांचे तिकीट काढले आहे. फोनवर आम्हाला म्हणाल्या, "लेण्या राहू द्या अवंदा. दीक्षाभूमीवर मात्र माह्या पैशाच्या मेणबत्त्या लावतो."